शून्य सावली दिवस: बाराच्या ठोक्याला १३ सेंटिमीटर सावली! चुकलं कुठे?

गच्चीकर:

पुण्यात १३ मेला दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येऊन सावली नाहीशी होते म्हणून गच्चीत एक मीटरची सरळ काठी उभी केली. फरशीला गुण्या लावून काटकोन नीट तपासला होता. फोनमध्ये बरोबर १२ वाजले तेव्हा सावली नाहीशी होणं दूरच, चांगली १३ सेंटिमीटर भरली, पश्चिमेकडे. मग ती आखडत गेली. साडेबाराच्या पुढे अगदी कमी झाली, पण पूर्ण गेली असं एकदाही म्हणता आलं नाही. सेंटिमीटरभर शेवटपर्यंत राहिली, ईशान्येच्या बाजूला. कडाही धुरकट, त्यामुळे पट्टी नेमकी कुठे टेकवायची तेच कळेना.

तारीख चुकली, वेळ चुकली की काठी? आणि दुसऱ्या गावासाठी तारीख-वेळ काढायची तर हिशोब कसा करायचा?

वाळूघड्याळ:

तारीखच चुकली असणार. काही ठिकाणी १४ मे दिलेली असते. एका दिवसाने बराच फरक पडतो.

मिनिटकाटा:

तारखेचा दोष नाही. मेच्या मध्यात सूर्य रोज जेमतेम ०.२४ अंश उत्तरेला सरकतो. एका दिवसाच्या चुकीने मीटरभर काठीची सावली ४ मिलिमीटर पडेल, १३ सेंटिमीटर नाही. शिवाय तारखेची चूक सावलीला उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ढकलते. इथे सावली पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य अजून पूर्वेलाच आहे. पुण्याची दुपार व्हायची होती, एवढंच.

आपली सगळी घड्याळं ८२.५° पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पुण्याचा रेखांश ७३.८६°. फरक ८.६४ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून ८.६४ × ४ = ३४ मिनिटं ३४ सेकंद. पुण्याचा सूर्य मिर्झापूरच्या सूर्यापेक्षा इतका मागे.

यातून आणखी एक वजाबाकी करावी लागते. सूर्य घड्याळासारखा एकसारखा चालत नाही. वर्षात कधी तो पुढे असतो, कधी मागे. या फरकाला कालसमीकरण म्हणतात. मेच्या मध्यात तो ३ मिनिटं ४० सेकंद पुढे असतो. ते वजा केलं की १२ वाजून ३० मिनिटं ५४ सेकंद येतात. पुण्याची त्या दिवशीची खरी मध्यान्ह ती.

आता तुमचे १३ सेंटिमीटर तपासू. बारा वाजता मध्यान्हीला ३१ मिनिटं बाकी होती. सूर्य तासाला १५ अंश सरकतो हे विषुववृत्तावर असतानाचं गणित. तो १८.५ अंश उत्तरेला असताना माथ्याजवळचा वेग १५ × कोज्या (cos) १८.५, म्हणजे तासाला १४.२ अंश होतो. ३१ मिनिटांत ७.३ अंश. त्याची स्पर्शज्या (tan) ०.१२९. म्हणजे एक मीटरच्या काठीला १२.९ सेंटिमीटर सावली पडायला हवी होती. तुमची मोजणी उत्तम आहे. फोनने बारा दाखवले, ते फक्त तुमच्या गच्चीचे बारा नव्हते.

वाळूघड्याळ:

बरोबर, माझी चूक. पण कालसमीकरणाचं कारण कुणी सोपं करून सांगेल का? पृथ्वी तर स्वतःभोवती एकाच गतीने फिरते ना?

मिनिटकाटा:

स्वतःभोवती एकाच गतीने फिरते. सूर्याभोवती नाही. सगळी भानगड तिथे आहे.

आज सूर्य माथ्याच्या रेषेवर आला की उद्या पुन्हा तिथे यायला पृथ्वीला पूर्ण ३६० अंश फिरून वर साधारण एक अंश जास्त फिरावं लागतं, कारण दरम्यान ती कक्षेत पुढे गेलेली असते. हा जादाचा अंश रोज सारखा असता तर काही प्रश्न नव्हता. तो सारखा नाही, आणि कारणं दोन. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि भरभर पळते. जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर असते आणि रेंगाळते. हे पहिलं कारण. दुसरं कारण अक्षाचा २३.४४ अंशांचा कल. सूर्याची आकाशातली वार्षिक वाट विषुववृत्ताला तिरकी आहे. मार्च-सप्टेंबरमध्ये तो तिरका चढतो-उतरतो, म्हणून त्याच्या सरकण्यातला काही भाग उत्तर-दक्षिणेत खर्ची पडतो. जून-डिसेंबरमध्ये सगळं सरकणं पूर्व-पश्चिमेत जमा होतं. घड्याळाला फक्त पूर्व-पश्चिम जमा कळते.

दोन्ही कारणं मिळून ११ फेब्रुवारीच्या आसपास सूर्य सव्वाचौदा मिनिटं मागे पडतो आणि ३ नोव्हेंबरच्या आसपास जवळपास साडेसोळा मिनिटं पुढे जातो. पुण्याची मध्यान्ह त्यामुळे नोव्हेंबरात १२:१८ ला आणि फेब्रुवारीत १२:४९ ला येते. एकाच गच्चीवर अर्ध्या तासाचा फरक! मुंबईत सर्वात लवकर सूर्यास्त २१-२२ डिसेंबरला होत नाही, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होऊन जातो, आणि सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीचा मध्य उलटल्यावर होतो. त्याचंही मूळ हेच.

मुंबईवरून आठवलं. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली तरी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालू होता. ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं. प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटं पुढे. फरक ३९ मिनिटांचा, म्हणजे मुंबईच्या रेखांशावरून काढलेल्या साडेअडतीस मिनिटांशी जवळपास जुळणारा. त्या घड्याळात बारा वाजले की सूर्य खरोखर माथ्याच्या रेषेजवळ असायचा.

ओळंबा:

वेळेचा निकाल लागला. आता उरलेल्या सेंटिमीटरकडे येऊ.

गच्चीकर, एक सांगा: गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचा पाइप आहे का?

गच्चीकर:

आहे! कसं ओळखलंत?

ओळंबा:

गच्ची कधीच सपाट नसते. पाणी वाहून जावं म्हणून मीटरला साधारण सेंटिमीटर उतार पाइपाकडे देतात. तुम्ही काठी फरशीशी काटकोनात उभी केलीत, आणि फरशीच उतरती. त्यामुळे काठी पाइपाकडे कलली. मीटरला सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कल. सूर्य बरोबर माथ्यावर असताना काठीच्या टोकाची सावली टोकाच्या सरळ खाली पडते. टोक बुडापासून सेंटिमीटरभर ईशान्येला, म्हणून सावलीही सेंटिमीटरभर ईशान्येला. तुम्ही शून्य सावलीच्या दिवशी गच्चीचा उतार मोजलात, आणि तोही बरोबर.

या कामात गुण्या नको, ओळंबा हवा. काठी उभी असणं म्हणजे फरशीशी काटकोन नव्हे, ओळंब्याशी समांतर असणं. फोनमधली लेव्हलही चालेल, पण कॅमेऱ्याचा उंचवटा असलेल्या पाठीवर फोन टेकवला तर तीच अंशभर खोटं बोलते. एक अंश म्हणजे मीटरला १७ मिलिमीटर.

खरं तर काठीच नको. धुरकट कडांवरही तोच उपाय आहे.

कडा धुरकट का होतात ते आधी. सूर्य हा बिंदू नाही. त्याची तबकडी आपल्याला ०.५३ अंश रुंद दिसते. मीटरभर उंचीवरच्या टोकाच्या सावलीला त्यामुळे ९.३ मिलिमीटर रुंदीची उपछाया, म्हणजे अर्धवट सावलीची कड, येते. ९ मिलिमीटरपेक्षा बारीक काठी असेल तर तिच्या टोकाची गडद सावली जमिनीपर्यंत पोचतच नाही. नियम लक्षात ठेवायला सोपा: वस्तू जितकी रुंद, त्याच्या सुमारे १०७ पट अंतरावर तिची गडद सावली संपते. ५ मिलिमीटरच्या सळईची ५३ सेंटिमीटरवरच संपली. काठी लांब केली तर सावली लांबते, पण धूसरपणाही त्याच प्रमाणात वाढतो. दोन मीटरचा बांबू आणून हाती काही लागत नाही.

म्हणून काठी सोडा आणि भोक घ्या. कृती अशी:

एक पोस्टकार्डाएवढा पत्र्याचा किंवा जाड काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा. मधोमध ४ मिलिमीटरचं गोल भोक. फाटकं भोक नको, ड्रिल मारून कानस फिरवलेलं हवं. हा तुकडा स्टुलाच्या किंवा घडीच्या शिडीच्या कडेबाहेर काढून चिकटपट्टीने पक्का करा. उंची जमिनीपासून १०० सेंटिमीटर. पत्रा थोडा तिरका बसला तरी चालतं, हीच या पद्धतीतली सोय. खाली ड्रॉइंग बोर्ड ठेवा, त्यावर आलेखाचा कागद. बोर्ड मात्र चारही बाजूंनी लेव्हलमध्ये घ्या. गच्चीचा उतार इथे पाचर घालून मारायचा.

आता भोकातून बारीक दोऱ्याचा ओळंबा सोडा. गवंड्याचा नसेल तर दोऱ्याला टोकदार नट-बोल्ट बांधा. वारा असला तर लोळक हलत राहतो आणि मे महिन्यात वारा असतोच. हे काम सकाळी सहाला, वारा पडलेला असताना उरका. लोळकाचं टोक कागदावर जिथे येईल तिथे टाचणीने खूण करा. हा झाला पाया. दोरा काढून टाका. त्यानंतर स्टुलाला हात लावायचा नाही, कुणी धक्का दिला तर पुन्हा ओळंबा.

१२:२० पासून दर दोन मिनिटांनी कागदावर पडलेल्या उजेडाच्या टिकलीभोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. टिकली साधारण १३ मिलिमीटर रुंद असते (सूर्याचे ९.३ अधिक भोकाचे ४). तिची कड धुरकट असली तरी मध्य एका मिलिमीटरमध्ये हमखास सापडतो. ती मिनिटाला ४.१ मिलिमीटर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. १२:४२ पर्यंत सगळे मध्य सरळ रेषेत येतील. ती रेषा पायाच्या किती जवळून गेली ते तारीख सांगतं, आणि पायाच्या सर्वात जवळ कधी होती ते मध्यान्ह सांगतं. मध्यान्ह १५ सेकंदांपर्यंत अचूक मिळते.

भोकातून वर डोळा लावून पाहायचं नाही, हे मुलांना आधीच बजावा. मान खाली, नजर कागदावर.

गच्चीकर:

हे करण्यासारखं आहे. पण मग ‘शून्य’ म्हणजे नेमका एकच दिवस कसा? रेषा पायावरून बरोबर गेली नाही तर?

ओळंबा:

बहुधा बरोबर जाणारच नाही. सूर्य दिवसाला ०.२४ अंश उडी मारतो, तुमच्या अक्षांशावर येऊन थांबत नाही. १२ ते १५ मे असे चार दिवस चार रेषा काढा. त्या एकमेकींना समांतर, साधारण ४ मिलिमीटर अंतराने येतील. आधीच्या रेषा पायाच्या उत्तरेला, नंतरच्या दक्षिणेला. पाया ज्या दोन रेषांच्या मध्ये सापडेल त्यांतली जवळची ती तुमची तारीख. सर्वात वाईट परिस्थितीत ती रेषा पायापासून २ मिलिमीटरवर असेल, म्हणजे टिकलीच्या आतच. सूर्याची अर्धी तबकडी ०.२६ अंशांची, त्यामुळे डोळ्याला दोन्ही दिवस शून्यच वाटतात. १३ की १४ या वादात म्हणूनच फार दम नाही. शिवाय लीप वर्षाच्या चक्रात तीच क्रांती (सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) दर वर्षी पाव दिवस पुढे सरकते आणि चौथ्या वर्षी मागे येते.

या हिशोबाने जमिनीवर पाहिलं तर सूर्याखालचा बिंदू दिवसाला २७ किलोमीटर उत्तरेला जातो, तासाला किलोमीटरभर. माणूस रमतगमत चालला तरी त्याला मागे टाकेल. पश्चिमेकडे मात्र तोच बिंदू मिनिटाला २६ किलोमीटर पळतो.

खानदेशी:

नंदुरबार आणि कोल्हापूर इथल्या दोन शाळांमध्ये हा प्रयोग एकाच दिवशी करायचं ठरतंय. त्यावरून पृथ्वीचा घेर काढता येईल का? शाळेत अलेक्झांड्रियाच्या विहिरीची गोष्ट सांगतात तसा.

मिनिटकाटा:

विहीर अलेक्झांड्रियाची नव्हे, सायीनची, म्हणजे इजिप्तमधल्या आजच्या आस्वानची. सूर्य माथ्यावर आला की तिचा तळ उजळायचा. सावली अलेक्झांड्रियात मोजली होती. इराटोस्थेनीस या प्राचीन ग्रीक विद्वानाला ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी, ७.२ अंश, मिळाली.

जोडी तुम्ही नकळत फार सुंदर निवडली आहे. कोल्हापूर १६.७०° उत्तर, ७४.२४° पूर्व. नंदुरबार २१.३७° उत्तर, ७४.२४° पूर्व. दोन्हींचा रेखांश एकच! मध्यान्ह दोन्हीकडे एकाच मिनिटाला येते. सायीन आणि अलेक्झांड्रिया एका रेखांशावर नाहीत, तो हिशोब तिथे थोडा सैल आहे. तुमचा तसा राहणार नाही.

६ किंवा ७ मेला कोल्हापुरात सावली शून्य, वेळ १२:३०. त्याच क्षणी नंदुरबारात मीटरभर उंचीवरच्या भोकाची टिकली पायाच्या उत्तरेला ८.२ सेंटिमीटरवर पडेल. ०.०८१७ ची व्यस्त स्पर्शज्या काढली की ४.६७ अंश. दोन गावांमधलं सरळ अंतर साधारण ५१७ किलोमीटर. ३६० भागिले ४.६७, गुणिले ५१७, उत्तर ३९,८५० किलोमीटरच्या आसपास. ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८ आहे. उरलेली तूट बरीचशी खरीच आहे: पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे आपल्या अक्षांशावर एक अंश ११०.७ किलोमीटरचा भरतो, ध्रुवाजवळ तो १११.७ होतो.

आता काय बिघडतं ते. टिकलीचा मध्य एका मिलिमीटरने चुकला तर घेरात ५०० किलोमीटरची चूक, ती क्षम्य. पण नंदुरबारच्या शाळेने गच्चीकरांसारखी काठी गुण्याने उभी केली आणि अर्धा अंश कल राहिला, तर चूक थेट ११ टक्के. पृथ्वी चार हजार किलोमीटरने फुगेल किंवा आटेल. दुसरी नेहमीची चूक: अंतर रस्त्याचं घेणं. घाटांची वळणं पृथ्वीच्या घेरात धरायची नसतात. नकाशावर सरळ रेषेत मोजा. तिसरी: कोल्हापूरला ढग आले म्हणून तिथला कोन शून्य ‘मानणं’. मानू नका, पुढच्या दिवशी दोन्हीकडे पुन्हा मोजा. दोन्ही कोनांमधला फरकच लागतो, एक कोन शून्य असायलाच हवा असं मुळीच नाही. २० एप्रिललाही हा प्रयोग तितकाच चालतो. फक्त त्या दिवशी फोटो काढायला कुणी येत नाही.

वाळूघड्याळ:

उत्तर दिशा शोधायला फोनचं होकायंत्र चालेल ना?

ओळंबा:

महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, तो सोडून देता येतो. खरी अडचण स्लॅबच्या सळयांची. गच्चीत फोन दोन हात बाजूला नेला की काटा दहा-पंधरा अंश डोलतो. ज्या दिवशी सावली शून्य होत नाही अशा दिवशी, समजा एप्रिलच्या सुरुवातीला, जुनी पद्धत वापरा. काठीभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारी बाहेर पडताना दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. त्यावर लंब टाकला की उत्तर-दक्षिण. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या भूमितीच्या जुन्या ग्रंथात, शंकू (खुंटी) रोवून हेच करायला सांगितलं आहे. स्लॅबमध्ये लोखंड असो वा नसो.

मिनिटकाटा:

गच्चीकरांचा शेवटचा प्रश्न राहिला: दुसऱ्या गावाचा हिशोब.

तारखेसाठी गावाचा अक्षांश घ्या (फोनच्या नकाशावर बोट दाबून धरलं की दिसतो) आणि ज्या दिवशी सूर्याची क्रांती त्याच्याइतकी असेल तो दिवस शोधा. मेमधली क्रांती अंदाजे अशी चढते: १ तारखेला १५.०, ५ ला १६.२, १० ला १७.६, १५ ला १८.८, २० ला २०.०, २५ ला २०.९, ३१ ला २१.९ अंश. मधले दिवस सरासरीने काढा. महिन्याच्या शेवटी वेग मंदावतो हे दिसेलच. २१ जूनला तर ती २३.४४ वर जवळपास थबकते.

वेळेसाठी: ८२.५ मधून रेखांश वजा, गुणिले ४ मिनिटं, ते बारामध्ये मिळवा, त्यातून कालसमीकरण वजा. मेच्या सुरुवातीला ते ३ मिनिटं ५ सेकंद, मध्यात ३:४०, २६ तारखेला ३:००.

यावरून पणजी २-३ मे, १२:३२. कोल्हापूर ६-७ मे, १२:३०. सोलापूर १० मे, १२:२३. मुंबई १५-१६ मे, १२:३५. छत्रपती संभाजीनगर १९-२० मे, १२:२५. नाशिक २० मे, १२:३१. नागपूर २६ मे, १२:११. नंदुरबार २७-२८ मे, १२:३०. नागपूर पूर्वेला असल्यामुळे मुंबईच्या चोवीस मिनिटं आधी, हे विसरून तिथल्या शाळांनी मुंबईची वेळ घेतली तर मुलं रिकाम्या सावल्यांऐवजी १० सेंटिमीटरच्या सावल्या बघत बसतील.

परतीच्या वाटेवर सूर्य पुन्हा माथ्यावरून जातो: नागपूर १७ जुलैच्या आसपास, मुंबई २८ जुलै, पुणे ३० जुलै, कोल्हापूर ५-६ ऑगस्ट, पणजी १० ऑगस्ट. तेव्हा कालसमीकरण उणे असतं (जुलैअखेर साडेसहा मिनिटांच्या आसपास), म्हणून पुण्याची वेळ १२:३१ ऐवजी १२:४१. पण त्या दिवसांत सूर्य दिसला तर ना! कोकणात त्यावर पैज लावू नये. सोलापूरकरांनी मात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रयत्न करायला हरकत नाही.

भिंग:

लहान मुलांसाठी टिकली-बिकली फार होतं. दोन सोपे खेळ. एक: चार इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा कागदावर उभा ठेवा. बाराला पाइपाच्या आतला तळ अर्धवट सावलीत असतो, मध्यान्हीला पूर्ण तळ उजळतो आणि बाहेर सावलीची कड उरत नाही. पाइप मात्र करवतीने काटकोनात कापलेला हवा, हॅक्सॉ ब्लेडने हाताने कापलेला बहुधा तिरपा असतो. दोन: चार विटांवर काचेचं तावदान, त्यावर स्टीलचे पेले, खाली पांढरा कागद. प्रत्येक पेल्याखाली त्याच्याच मापाची गोल सावली दिसते, शेपटाशिवाय. फोटो याचाच छान येतो. फोटो घेताना स्वतःच्या डोक्याची सावली कागदावर पडते हे ऐनवेळी कळतं, तेव्हा फोन हात लांब करून धरा.

आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं म्हणून: त्या दिवशी सूर्य जवळ येत नाही. जवळ तो जानेवारीत असतो. मेमध्ये तर तो लांब जातच असतो. ऊन जास्त लागतं कारण ते उभं पडतं.

खानदेशी:

दोन शून्यांच्या मधल्या दिवसांत काय होतं? म्हणजे मेअखेर ते जुलैचा मध्य.

भिंग:

सूर्य दुपारी तुमच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पुण्यात १४ मे ते ३० जुलै. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही म्हणणाऱ्यांना या दिवसांत पडदा लावावा लागतो, फक्त पाऊस असल्याने ते फारसं जाणवत नाही. नंदुरबारला हा काळ छोटा, पणजीला तीन महिन्यांहून मोठा.

नंदुरबारची आणखी एक गंमत. मक्का २१.४२° उत्तरेवर आहे, म्हणजे जवळजवळ तुमच्याच अक्षांशावर. त्यामुळे तारीखही तीच, २७-२८ मे. तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्याकडे दुपारचे २:४८ झालेले असतात. त्या क्षणी इथून सूर्याची दिशा तीच किब्ल्याची, म्हणजे नमाजासाठी मक्केकडे तोंड करायची दिशा. उभ्या काठीच्या सावलीच्या टोकाकडून बुडाकडे पाहिलं की झालं. जुलैमध्ये १५-१६ तारखेला २:५७ ला पुन्हा.

आखातवासी:

दुबई २५.२° उत्तरेवर. इथे कधीच नाही ना? मस्कतचं काय?

मिनिटकाटा:

दुबईला नाही. २१ जूनला मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली ३ सेंटिमीटर उरते, त्याहून कमी कधीच होत नाही. दिल्लीला ९ सेंटिमीटर.

मस्कत २३.६° वर, कर्कवृत्तापासून ०.१५ अंश बाहेर. गणिताने सावली शून्य होत नाही, अडीच मिलिमीटर उरते. पण सूर्याची अर्धी तबकडी ०.२६ अंशांची आहे, म्हणजे त्या दिवशी सूर्याच्या तबकडीचा काही भाग मस्कतच्या माथ्यावरून जातो. शिवाय २१ जूनच्या आसपास क्रांती आठवडाभर जवळपास हलत नाही. पुण्यात दोन दिवस मिळतात, मस्कतला १८ ते २४ जून रोज मोजा, उत्तर रोज तेच येईल. सावली उत्तरेला, अडीच-तीन मिलिमीटर. उपछायेत ती दिसणार नाही, म्हणून तिथे भोकच वापरा.